झाशीच्या उन्हात पापुद्रा

झाशीत राहणाऱ्या मराठी घराला दोन करंज्या ठाऊक असतात. एक आपली, दिवाळीत होणारी साट्याची. दुसरी होळीची, शेजारच्या घरातून ताटात झाकून येणारी गुजिया. बाहेरून दोघी सारख्याच: अर्धचंद्राचा आकार, कडेला मुरड, तळून आलेला फिकट बदामी रंग. फरक कळतो तो मोडल्यावर. गुजियाचं आवरण दाताखाली भुगा होऊन विरतं, साट्याच्या करंजीचं आवरण पदरापदराने सुटतं. एक खुसखुशीत, दुसरी पापुद्र्याची.

पाश्चात्त्य बेकरीत फळांचा किंवा मांसाचा पाय करायला शिकवतात तेव्हा पहिल्याच धड्यात हेच दोन प्रकार समोर ठेवतात. पायचं कवच भुसभुशीत हवं की पदराचं, ते आधी ठरवा, मग पिठात हात घाला. पुढची सूचना ठरलेली असते: लोणी गार हवं, पाणी बर्फाचं हवं, हातसुद्धा गार हवेत, स्वयंपाकघर गरम असेल तर पहाटे कामाला लागा. ही पुस्तकं जिथे लिहिली गेली तिथे हे ठीकच आहे. होळीच्या सुमाराला झाशीत दुपारी पारा पस्तिशीकडे निघालेला असतो आणि मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो. अशा गावात, फ्रीज येण्याच्या कितीतरी आधीपासून, भुसभुशीत आणि पदराची अशी दोन्ही आवरणं घरोघर होत आली आहेत. ती कशी साधतात हे पाहिलं की पायचं कवच कसं करावं तेही आपोआप कळतं. माझ्या मते बर्फाच्या पाण्यापासून सुरुवात करण्यापेक्षा हा रस्ता आपल्याला जवळचा आहे.

झाशीत मराठी चूल पेटली ती पेशवाईत. १७२९ साली मोगल सरदार बंगशाच्या वेढ्यातून बाजीराव पेशव्याने बुंदेला राजा छत्रसालाला सोडवलं आणि बुंदेलखंडाचा एक हिस्सा मराठ्यांकडे आला. १७४२ च्या सुमारास नारो शंकर झाशीचा सुभेदार झाला. नाशिकला गोदेकाठी ज्याच्या नावाचं देऊळ आहे तोच हा. झाशीच्या किल्ल्याचा त्याने वाढवलेला भाग आजही शंकरगड म्हणून ओळखला जातो. पुढे झाशीच्या कारभारावर नेवाळकर घराणं आलं, त्यातलेच गंगाधरराव आणि त्यांची राणी लक्ष्मीबाई. त्या दोघांचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं असं सांगतात ते मंदिर अजून शहरात आहे. १८५८ च्या इंग्रजांच्या वेढ्यानंतर या मराठी वस्तीची वाताहत झाली. ती डोळ्यांनी पाहिलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवली. मराठी माणसांची दुसरी लाट आली ती आगगाडीने. झाशीवरून जाणारी इंडियन मिडलँड रेल्वे १९०० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेमध्ये विलीन झाली आणि झाशीची सूत्रं मुंबईच्या बोरीबंदरातून हलू लागली. २००३ पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेतच होता. बदलीवर आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दिवाळीचा फराळ केला आणि होळीला शेजारणीची गुजिया खाल्ली. दोन्ही आवरणं अशी एका अंगणात आली.

आता पिठाकडे वळू. मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिनं असतात. त्यांतली दोन, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, पाणी मिळताच एकमेकांत गुंततात आणि त्यांचं लवचीक जाळं तयार होतं. तेच ग्लुटेन. पोळी फुगते आणि पाव उभा राहतो तो त्याच्या जोरावर. करंजीला किंवा पायला मात्र हे जाळं बेताचंच हवं असतं. अजिबात नसेल तर पारी लाटताना तुटते, तांदळाच्या कोरड्या पिठाची पारी लाटून पाहणाऱ्याला हे सांगायला नको. फार झालं तर पारी लाटली की आखडते आणि तळल्यावर चामट होते. म्हणजे आवरण करणाऱ्याचं सगळं कसब एवढ्यातच आहे: ग्लुटेन होऊ द्यायचं, पण फोफावू द्यायचं नाही. त्याला आवर घालायला हाताशी तीन साधनं असतात. पाणी कमी घालणं, मळणं कमी करणं आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, तूप किंवा तेल.

स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांवर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोचत नाही. जाळं तुकड्यातुकड्यांनी बनतं, सलग बनत नाही. भाजल्यावर किंवा तळल्यावर ते तुकड्यांनीच मोडतं, आणि यालाच आपण खुसखुशीत म्हणतो. मोहनाचं, म्हणजे पिठात घातलेल्या तुपा-तेलाचं, काम एवढंच. पण ते कसं घातलं जातं याला फार महत्त्व आहे. तूप किंवा तेल कडकडीत तापवून पिठावर ओततात, चमच्याने ढवळतात आणि हाताला सोसेल इतकं निवलं की दोन्ही तळहातांमध्ये पीठ चोळत राहतात. गरम तूप पातळ असतं, ते कणाकणापर्यंत जातं. चोळल्याने राहिलेल्या गाठीही मोडतात. मग मूठभर पीठ दाबून पाहायचं. मुटका वळला आणि बोटाच्या टिचकीने फुटला तर मोहन पुरेसं. वळलाच नाही तर कमी. नुसता दाबताच तुपाने चकाकला तर जास्त, आणि अशी करंजी कढईत टाकली की विरघळायला लागते, कारण तिला धरून ठेवायला जाळंच उरलेलं नसतं.

ही मुटक्याची परीक्षा मला वजनकाट्यापेक्षा शहाणी वाटते. मैदा जुना की नवा, हवा कोरडी की दमट, तूप गायीचं की म्हशीचं, या सगळ्याचा हिशोब त्या एका मुठीत होऊन जातो. ज्यांना आकडा हवाच असेल त्यांच्यासाठी: पाव किलो मैद्याला ४० ते ५० ग्रॅम तूप, म्हणजे पिठाच्या पाचव्या हिश्शाच्या आत-बाहेर. बुंदेलखंडी गुजियाचं आवरण असंच बांधलेलं असतं. हिंदीत त्याला मोयन म्हणतात, बाकी कृती तीच. पाणी अगदी थोडं, गोळा घट्ट, वर ओलं फडकं, अर्धा तास मुरवणं. मुरवण्याने दोन गोष्टी होतात. पाणी सगळीकडे सारखं पोचतं आणि मळताना ताणलेलं ग्लुटेन सैल पडतं. घाई केलीत तर पारी पोळपाटावर मागे मागे सरकत राहते आणि करणारी लाटण्यावर राग काढते.

इंग्रजी पायचं भुसभुशीत कवचही याच तत्त्वावर चालतं, फक्त तिथे लोणी गार असतं आणि ते पिठात बोटांनी चोळून अगदी रव्यासारखं बारीक करतात. तूप गरम असो की लोणी गार, कण न् कण माखला की परिणाम एकच. खुसखुशीतपणासाठी थंडीची गरज नाही. पायची पुस्तकं हे स्पष्ट सांगत नाहीत. सांगितलं असतं तर आपल्याकडच्या अनेक हौशी मंडळींचा बर्फ वाचला असता.

थंडी लागते ती पदरांसाठी. पदराच्या पायमध्ये लोणी पूर्ण चोळत नाहीत, वाटाण्याएवढे तुकडे मुद्दाम शिल्लक ठेवतात. पीठ लाटलं की हे तुकडे चपटे होऊन पिठाच्या दोन थरांमध्ये पत्र्यासारखे पसरतात. भट्टीत लोणी वितळतं, त्याची जागा रिकामी होते, पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ त्या फटी उघडून धरते आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचं पीठ भाजून कडक होतं. त्या फटीमुळेच पदर सुटतो. हे होण्यासाठी लोणी लाटणं संपेपर्यंत घनच राहायला हवं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं, पण त्याच्या बरंच आधी, पंचविशीच्या आसपास, ते इतकं मऊ पडतं की पिठात मुरून जातं आणि पदराऐवजी भुगा हाती येतो. फ्रान्सच्या पफ पेस्ट्रीत हाच प्रकार टोकाला नेलेला असतो: पिठात लोण्याची वडी गुंडाळून तीन पदरांची घडी सहा वेळा घालायची, ३ चा सहावा घात, ७२९ थर. दर दोन घड्यांनंतर गोळा थंडीत विसावतो.

हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या साहेबांच्या खानसाम्यांना हे काम किती जड गेलं असेल याची कल्पना करता येते. १८३३ साली अमेरिकेतल्या फ्रेडरिक ट्युडरने बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने कलकत्त्याला आणून विकला तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता. पण तो बर्फ बंदरांच्या शहरांपुरता. समुद्रापासून एवढ्या आत असलेल्या झाशीच्या छावणीत उन्हाळ्यात लोणी गोठवून पदराचा पाय करणं म्हणजे चैनच.

आणि त्याच गावात, भर उन्हात, नेवाळकरांच्या वाड्यापासून साध्या भिक्षुकाच्या घरापर्यंत जिला पदर सुटतात अशी करंजी करण्याची रीत मराठी बायकांनी सोबत आणली होती. तिचं मर्म साट्यात आहे.

साटा म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी एकत्र फेसून केलेलं मिश्रण. थिजलेलं तूप परातीत घेऊन तळहाताने गोल गोल फेसतात. ते पांढरं आणि हलकं झालं की त्यात पिठी घालून पुन्हा फेसतात. आजकाल पिठीऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा आरारूटही घालतात. साधारण चार चमचे तुपाला तीन-चार चमचे पिठी. बोटावर उचलला तर ओघळू नये इतका दाट साटा हवा. मग घट्ट भिजवलेल्या पिठाच्या तीन पातळ पोळ्या लाटायच्या. पहिलीवर साटा पसरायचा, वर दुसरी पोळी, पुन्हा साटा, वर तिसरी, तिच्यावरही साटा. या थप्पीची घट्ट वळकटी करून बोटभर लांबीचे तुकडे कापले की लाट्या तयार.

यात तांदळाच्या पिठीचं काय काम? पुष्कळ जणी सांगतील, पदर सुटायला. खरं आहे, पण ते घडतं कसं ते पाहण्यासारखं आहे. नुसतं तूप लावून वळकटी केली तर गरम हवेत ते पातळ होतं, लाटताना बाजूने निसटतं किंवा पिठात मुरतं, आणि दोन पोळ्या जिथे उघड्या पडतील तिथे एकमेकींना चिकटतात. पिठीचे कण तूप धरून ठेवतात. तूप वितळलं तरी कण जागचे हलत नाहीत, दोन पोळ्यांच्या मध्ये अडून बसतात. तांदळात ग्लुटेन नाही, त्यामुळे ते शेजारच्या मैद्याशी जाळं विणत नाहीत. सभोवती तूपच असल्याने त्यांना पाणीही मिळत नाही, म्हणून ते फुगून खळीसारखे चिकटही होत नाहीत. लोण्याच्या पायमध्ये पदर वेगळे ठेवण्याचं जे काम थंडी करते तेच काम इथे पिठी करते. माझ्या दृष्टीने हा मराठी स्वयंपाकघरातला अस्सल तांत्रिक शोध आहे. आपण त्याला कधी शोध म्हटलं नाही, कारण तो फराळाच्या डब्यात सापडतो.

तो आपल्यापुरताच आहे असं मात्र नाही. चिनी हलवाई पदराच्या मिठाईसाठी दोन गोळे करतात, एक पाण्यात भिजवलेला, दुसरा नुसत्या चरबीत कालवलेल्या पिठाचा, आणि एकात दुसरा गुंडाळून लाटतात. फ्रेंच पेस्ट्रीतही एक उलटा प्रकार आहे, त्यात लोण्यातच पीठ मळून त्याची वडी करतात, आणि ती वडी उष्णतेला जरा कमी दाद देते. जिथे जिथे चरबी पातळ होण्याची धास्ती होती तिथे तिथे कुणीतरी तिच्यात पीठ मिसळून पाहिलं.

पदरांचा हिशोबही मजेदार आहे. तीन पोळ्यांच्या वळकटीला चार वेढे पडले तर मधल्या बिंदूपासून बाहेरपर्यंत बारा थर होतात आणि आडवी लाटी दाबली की वरचे बारा, खालचे बारा मिळून चोवीस. कापलेली बाजू वर ठेवून दाबली तर थर उभे राहतात आणि तळल्यावर पारीवर वेटोळी उमटतात, चिरोट्यावर दिसतात तशी. ७२९ शी स्पर्धा नाहीच. पण करंजीची पारी दोन मिलिमीटरही जाड नसते. त्यात चोवीस थर पुष्कळ झाले, आणखी वाढवले तर लाटण्याखाली ते एकमेकांत घुसून पुन्हा एकच होतील. लाटताना हात हलका हवा तो त्यासाठीच. मधून कडेकडे, एकदाच, उलटसुलट न करता.

तुपाबद्दल झाशीचं एक वेगळेपण आहे. इथल्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेत, जी १९६२ साली सुरू झाली, भदावरी जातीच्या म्हशींचं जतन आणि संशोधन होतं. ही म्हैस दूध फार देत नाही, पण तिच्या दुधात स्निग्धांश सरासरी आठ टक्क्यांच्या घरात असतो, आपल्या ओळखीच्या बहुतेक म्हशींपेक्षा जास्त. म्हशीचं तूप गायीच्या तुपापेक्षा घट्ट आणि कणीदार, ते थोड्या जास्त तापमानापर्यंत घन राहतं, म्हणून साट्याला ते बरं. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुष्कळ घरांतून साट्याचं तूप हद्दपार झालं. वनस्पती तूप उन्हाळ्यातही थिजलेलं राहतं, स्वस्त असतं, पदर सुंदर सुटतात. अमेरिकेत १९११ साली आलेल्या क्रिस्कोने पायच्या बाबतीत हेच केलं होतं. पण तेल गोठवण्याच्या जुन्या पद्धतीत ट्रान्स फॅट तयार होतं, आणि ते हृदयाला घातक. २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या अशा ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. चवीच्या बाजूनेही सांगायचं तर वनस्पतीची करंजी टाळूला मेणचट लागते, कारण तिच्यातली काही चरबी तोंडाच्या उबेलाही वितळत नाही. दिसायला देखणी, एवढंच.

साट्याच्या करंजीचं पीठ नुसत्या मैद्याचं नसतं. बारीक रवा अर्धा, मैदा अर्धा, किंवा काही घरांत निव्वळ रवा. तो दुधात घट्ट भिजवून तास-दोन तास झाकून ठेवायचा आणि मग कुटायचा, पाट्यावर किंवा खलबत्त्यात. रव्याचा कण जाडा, पाणी त्याच्या पोटात हळूहळू शिरतं. कुटल्याने गोळा एकजीव होतो आणि लाटता येईल इतपत जाळं बनतं, तरी कणांचा थोडा कोरडेपणा उरतो. त्याने करंजी आठवडाभरही करकरीत राहते. आता हे काम फूड प्रोसेसर करतो. त्यात काही वाईट नाही, फक्त थांबून थांबून फिरवावा, नाहीतर गोळा तापतो. दूध घातल्याने रंग लवकर येतो, कारण त्यातली साखर आणि प्रथिनं तापल्यावर एकमेकांवर क्रिया करून तांबूस होतात. म्हणून दुधात भिजवलेल्या करंजीला आच आणखी मंद हवी. रव्याच्या बाबतीतही बुंदेलखंड भाग्यवान आहे. इथला पावसाच्या पाण्यावर येणारा कठिया गहू कडक दाण्याचा, इटलीत पास्ता होतो त्या ड्युरमच्या जातीचा. दळला की पिठाऐवजी कणी होऊन फुटतो. त्याचा दलिया प्रसिद्ध आहेच, आणि या गव्हाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

तळणं म्हणजे भट्टीचंच काम, माध्यम वेगळं. भट्टीतली हवा २०० अंशांची असली तरी उष्णता सावकाश देते. तेल १५० अंशांचंच असलं तरी चारी बाजूंनी एकदम भिडतं. करंजी मध्यम तापलेल्या तुपात सोडून आच मंद करतात. साटा वर तरंगू लागेल इतकं तूप थंड असेल तर पदर धरायच्या आत सुटून येतात आणि कढईत पापुद्रे पोहत राहतात. फार गरम असेल तर बाहेरचा पदर लाल, आतले कच्चे, आणि आतलं पाणी नंतर बाहेर येऊन करंजी दुसऱ्याच दिवशी मऊ पडते. झाऱ्याने वरून तूप उडवत राहिलं की पदर उमलतात. तुपाचे बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे पाणी गेलं, करंजी झाली. घड्याळापेक्षा बुडबुड्यांवर लक्ष ठेवावं.

सारणाचा आणि आवरणाचा वैरभाव दोन्हीकडे सारखा आहे. पायमध्ये फळांचा रस तळाला उतरतो आणि कवच ओलं पडतं. त्यावर उपाय म्हणून तळ आधी रिकामाच भाजून घेतात. करंजीला ती सोय नाही, म्हणून आपण सारणच कोरडं करतो. सुकं खोबरं भाजून, खसखस भाजून, वर चमचाभर भाजलेला रवा, जो उरलीसुरली ओल पिऊन घेतो. गुजियात खवा असतो, आणि खव्यातलं पाणी जाईपर्यंत तो परतावाच लागतो. सोबत चारोळी, जी बुंदेलखंडाच्या जंगलांतही होते. कोकणातली ओल्या नारळाची करंजी झाशीत फारशी रुजली नाही, यात नवल नाही, नारळ तिथे परगावचाच. गोव्यात मात्र नेवऱ्यो, म्हणजे तिथल्या करंज्या, चतुर्थीलाही होतात आणि नाताळालाही.

मुरड हा नुसता नखरा नव्हे. पारीत तूप असल्याने नुसत्या दाबलेल्या कडा नीट चिकटत नाहीत. दुधाचं बोट फिरवून आधी त्या ओल्या करतात आणि मग दुमडत दुमडत मुरडतात, म्हणजे कड दुप्पट जाड होते आणि आतल्या वाफेचा जोर सोसते. कातणाने कापलेली कड दिसते छान, पण दाबलेली जागा अरुंद असेल तर तिथूनच फुटते आणि सांडलेल्या सारणाने सगळं तूप काळं होतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या खाणकामगारांच्या पेस्टी नावाच्या पायला अशीच जाड मुरड असते. मध्ययुगातल्या युरोपात तर पायचं कवच खाण्यासाठी नव्हतंच. बोटभर जाडीचं ते घट्ट कवच म्हणजे आतलं मांस शिजवायचं आणि टिकवायचं भांडं. चवीचं कवच ही बरीच नंतरची हौस.

एवढं कळल्यावर झाशीच्या घरात खरोखरीचा पाय करायचा असेल तर कधी करावा? जानेवारीत. रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, फडताळातलं तूप दगड होतं, ओटा आणि पोळपाट गार पडतात. उत्तरेकडे संगमरवरी चकला असतो, तो याला सगळ्यांत उत्तम. आणि योगायोगाने झाशीत तेव्हा स्ट्रॉबेरीही असते. बुंदेलखंडात स्ट्रॉबेरी, हे ऐकून महाबळेश्वरवाले हसतील, पण २०२१ च्या जानेवारीत झाशीत महिनाभराचा स्ट्रॉबेरी महोत्सव सुरू झाला आणि पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही त्याचा उल्लेख आला.

प्रमाण सोपं आहे, वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पाणी. २४० ग्रॅम मैदा, चिमटीहून थोडं जास्त मीठ, १६० ग्रॅम गार लोण्याचे तुकडे, ८० मिलिलिटरपर्यंत गार पाणी. पदर हवे असतील तर तुकडे वाटाण्याएवढे ठेवा, भुसभुशीत हवं असेल तर पूर्ण चोळा. पाणी एकदम ओतू नका. दाबल्यावर गोळा जेमतेम धरला की थांबा, मळू तर नकाच. पोळीची कणीक मळायची सवय असलेल्या हाताला हे सगळ्यांत अवघड जातं. तासभर थंड ठेवून लाटा.

विकतच्या लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. म्हणून लोण्याच्या जागी तूप घेतलं तर ते १६० ऐवजी १३० ग्रॅम पुरे आणि पाणी दोन चमचे जास्त लागेल. थिजलेलं तूप खिसणीवर खिसून पिठात मिसळलं तर पदरही बऱ्यापैकी सुटतात, पण कल खुसखुशीतपणाकडेच राहतो, कारण तुपातून वाफ येत नाही. घरचं लोणी वापरायचं तर आधी गार पाण्यात दोन-तीनदा धुवा. त्यात राहिलेलं ताक आधी जळतं आणि कवचावर काळे ठिपके येतात.

जानेवारीची वाट पाहायची नसेल, तर मे महिन्यातही पाय होतो, साट्याने. वर सांगितलेली तीन पोळ्यांची वळकटी करा, लाट्या न कापता तिची गुंडाळी करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग एकच मोठी पारी लाटून थाळीत बसवा. काट्याने टोचे मारा, वर बटरपेपर, त्यावर मूठ-दोन मूठ कोरडा राजमा, म्हणजे तळ फुगत नाही. छोट्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंधरा मिनिटं, मग राजमा काढून आणखी दहा मिनिटं, रंग येईपर्यंत. छोट्या ओव्हनची वरची कांडी कवचाच्या फार जवळ असते, तेव्हा थाळी खालच्या खणात ठेवा आणि कडा करपू लागल्या तर त्यांवर फॉइलची पट्टी घाला. तो राजमा नंतर शिजत नाही, पण डबीत भरून ठेवला तर पुढच्या वेळी पुन्हा वजनाला चालतो.